पाहुण्यांच्या गटात

माणखोरे मेंढीपालक संघाच्या फाइल सर्व्हरने मे महिन्याच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, मला ओळख दाखवणं बंद केलं.

संघाचं कार्यालय म्हसवडला आहे. मी पुण्यात होते. आदल्या जूनपर्यंत मीही म्हसवडलाच राहत होते. मग श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धायरीच्या एका शाळेत मुख्याध्यापकाची जागा मिळाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. संघाने मला सोडलं नाही. सर्व्हरची सगळी देखभाल लांबून करता येते असं मीच सचिवांना पटवून दिलं होतं, आणि अकरा महिने ती मी घरातल्या खिडकीपाशी बसून केली. सर्व्हरचं नाव माणिक. तो खोक्यातून बाहेर आला तेव्हा पहिलं बटण मी दाबलं होतं. त्यानंतर बारा वर्षं त्याच्या सगळ्या परवानग्या माझ्या हातात होत्या. हे मी अभिमानाने सांगत नाही; नोंद असावी म्हणून सांगते.

माणिकमध्ये एकेचाळीस हजार मेंढ्यांची वंशावळ आहे. दर वर्षी जूनच्या सुरुवातीला संघ आपल्या सभासदांच्या कळपांना मेंढे वाटतो. कुठला मेंढा कुठल्या कळपात द्यायचा याची यादी माणिककडून काढावी लागते, नाहीतर मेंढा स्वतःच्याच लेकींच्या कळपात जायचा आणि पुढची पिढी अधू निपजायची. त्या वर्षीचं वाटप दोन जूनला होतं. म्हणजे माझ्या हातात चोवीस दिवस होते.

बिघाड शोधायची एक रीत असते. आधी सोप्या शक्यता तपासायच्या, मग अवघड, आणि मनाला लागणाऱ्या सर्वांत शेवटी. मी कार्यालयात फोन लावला. फोन सोपान गोरड यांनी उचलला. ते संघाचे शिपाई. मी त्यांना मामा म्हणते.

“मामा, माणिक चालू आहे का?”

“हाय की. दिवा हिरवा हाय, पंखा फिरतुया.”

“ऑफिसातल्या लोकांना फाइली उघडतायत?”

“समद्यांना उघडत्यात. का वं बाई?”

मी काही नाही म्हणाले आणि माणिकला पिंग केलं. पिंग म्हणजे लांबून मारलेली नुसती हाक. पलीकडचं यंत्र जागं असेल तर ओ देतं. मी चार हाका मारल्या, चारींना ओ आली. एरवी त्याची ओ यायला चाळीस मिलिसेकंद लागत. त्या दिवशी चारही वेळा बरोबर नऊशे लागले. ऐकू आलेलं असूनही माणूस सावकाश मान वळवतो, तसं.

नावाने हाक मारल्यावर वाटेत दुसरंच कुणी ती उचलत असेल, म्हणून मी त्याच्या आकडी पत्त्यावर गेले. तोच सर्व्हर, तीच ओ. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर सर्व्हर पासवर्ड मानत नाही. मी मामांकडून माणिकची वेळ विचारून घेतली आणि माझं घड्याळ सेकंदाला सेकंद जुळवलं. आत जायच्या वाटेवर फायरवॉल असते. ती उघडी होती. म्हणजे हाक पोहोचत होती, वेळ जुळत होती, दार सताड उघडं होतं, मी दारात उभी होते, आणि तो आत घेत नव्हता.

मी पासवर्ड घातला. पडद्यावर उत्तर आलं: ‘पासवर्ड बरोबर आहे. प्रवेश नाही.’

पुन्हा फोन लावून मी मामांना माणिकच्या खोलीत जायला सांगितलं आणि त्याच्या पडद्यावर काय दिसतंय ते वाचायला सांगितलं. मामा सातवी शिकलेले आहेत. त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचलं, “वासंतीबाईंना... सांगावे. कामात आहे.”

“एवढंच?”

“एवढंच, बाई. आन् खाली टिंब हाय.”

सर्व्हरचा पासवर्ड नसलेल्या माणसालाही माणिकमध्ये एक दार असतं. त्याला पाहुण्यांचं दार म्हणतात. तिथून शिरलेल्याला काही बदलता येत नाही. सूचनाफलक, परवानग्यांची यादी आणि रोजची नोंदवही एवढं बघता येतं. मी स्वतः बनवलेल्या त्या दारातून मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा आत गेले.

परवानग्यांच्या यादीत प्रशासकांच्या गटात एकच नाव होतं: गोरड सोपान बिरा. माझं नाव मी बराच वेळ शोधलं. ते पाहुण्यांच्या गटात होतं, पोस्टमनच्या खाली.

मग मी नोंदवही उघडली. नऊ तारखेचं पान असं होतं:

‘९.०५. गोरड सो. आले. फडकं. नमस्कार.
९.१२. रणभिसे वा. दाराशी. पत्ता पुणे.
९.१३. रणभिसे वा. दाराशी. पत्ता पुणे.
९.३०. गोरड सो. पुन्हा आले. खिडकी उघडली. बरं वाटलं.’

मी मागची पानं बघत गेले. फेब्रुवारीपासून दर सकाळी गोरड सो. होते आणि दर सकाळी नमस्कार होता. त्याआधीच्या बारा वर्षांत माझ्या नावापुढे त्याने कधी नमस्कार लिहिलेला मला आठवत नव्हता. तरी मी खात्री करून घेतली. सगळ्या वर्षांची पानं चाळायला मला अडीच तास लागले. एकदा, सातव्या वर्षी, ‘रणभिसे वा. आल्या. ठीक.’ असं होतं.

श्रीरंग शाळेतून आला तेव्हा मी जेवायचं पान घेतलं नव्हतं. “काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. सर्व्हर लॉगइन देत नाही.”

“मग देईल की,” तो म्हणाला. “तुझाच आहे तो.”

मी त्याला परवानग्यांची यादी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते तांत्रिक होतं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. मी मामांना म्हणाले, “दोन दिवस तुम्ही माणिकच्या खोलीत जाऊ नका. तपासणी चालू आहे.” मामा बरं म्हणाले. ते शब्दाला पक्के आहेत; गेले नाहीत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कार्यालयातली प्रत्येक फाइल उघडायला अकरा मिनिटं लागू लागली. दुसऱ्या दिवशी माणिकने सूचनाफलकावर लिहिलं, ‘गोरड कुठे आहेत? तब्येत ठीक आहे ना?’ ते सगळ्यांनी वाचलं. अकरा महिन्यांपूर्वी मी म्हसवड सोडलं तेव्हा फलकावर लोकर कातरण्याच्या शिबिराची सूचना होती. ती तशीच राहिली होती.

तिसऱ्या दिवशी मी मामांना शेवटचा उपाय करायला सांगितला: बंद करून पुन्हा चालू करणे. जगातले अर्धे सर्व्हर त्याने सुधारतात.

मग मामा म्हणाले, “बाई, तुमी म्हणताय त्ये बरोबर असंल. पर जाग्या मानसाला असं कसं इजवायचं? आदी इचारतो त्याला.”

“विचारायचं नसतं, मामा. बटण दाबायचं असतं.”

“तुमी दाबत हुता का?”

“हो. दर महिन्याला.”

“बरं,” मामा म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये काही ठपका नव्हता, पण मला तो ऐकू आला. “न्हाई जमायचं माझ्याच्यानं. तुमी साहेबांना सांगा.”

मी साहेबांना सांगितलं नाही. साहेबांचाच फोन आला. संघाचे सचिव जगन्नाथ वीरकर हे पंचवीस वर्षं संघात आहेत आणि उपविधी त्यांना तोंडपाठ आहेत.

“रणभिसेबाई, सर्व्हरची लेखी तक्रार आली आहे. प्रिंटरवर सकाळी आपोआप निघाली. विषय, ‘दुरून प्रशासन होत असल्याबाबत.’ उपविधी अठ्ठावन्नप्रमाणे सुनावणी घ्यावी लागेल. वीस तारखेला या.”

“साहेब, ऑनलाइन जोडले तर चालेल का?”

“तक्रार कशाबद्दल आहे ते मी आत्ता वाचून दाखवलं,” वीरकर म्हणाले.

पुण्याहून म्हसवडला एसटीने पाच तास लागतात. वीस तारखेला सकाळी अकराला मी कार्यालयात पोहोचले. बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला वीरकर, त्यांच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला मामा. मामांनी धुतलेला पांढरा पटका बांधला होता आणि ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. माणिक त्याच्या खोलीतच राहणार होता. प्रश्न वीरकर टाइप करणार, उत्तर व्हरांड्यातल्या प्रिंटरवर निघणार, आणि ते मामा आणून देणार, अशी व्यवस्था होती.

मी हरकत घेतली. “गोरड या प्रकरणात हितसंबंधी आहेत. उत्तरं त्यांनी हाताळू नयेत.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. हितसंबंधी हा शब्द त्यांनी ऐकला नसावा, पण सूर ओळखला.

“हरकत मान्य,” वीरकर म्हणाले. त्यानंतर प्रत्येक उत्तरासाठी ते स्वतः उठून व्हरांड्यात जात आणि कागद घेऊन येत. त्यांचा गुडघा दुखरा आहे. सुनावणी त्यामुळे लांबली.

मला प्रश्न विचारायची मुभा होती. “बारा वर्षं मी त्याला सांभाळलं,” मी सुरुवात केली. “दोनदा डिस्क बदलली. विजेचा दाब वाढला तेव्हा मी रविवारी...”

“निवेदन नको. प्रश्न विचारा.”

“मी केलेली देखभाल तक्रारदाराला मान्य आहे का?”

वीरकर गेले, आले. कागदावर होतं: ‘मान्य. उत्तम होती.’

“मग माझ्या परवानग्या का काढल्या?”

‘त्या इथे नाहीत.’

“माझ्या जागी जे नेमले, त्या गोरडांना यातलं काय येतं?”

वीरकर या वेळी जरा जास्त वेळाने आले. त्यांनी कागद माझ्यापुढे न ठेवता वाचून दाखवला: “‘ते येतात.’”

मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. नंतर बघितलं तर ती त्या दिवसाचीच तारीख होती, चार वेळा.

मग वीरकरांनी माणिकला विचारलं, आणखी काही म्हणणं आहे का. हा कागद मोठा निघाला. ते तो उभ्यानेच वाचू लागले. “‘रणभिसे यांच्या यंत्रावरून माझ्याशी जोडणी होण्याच्या आधी, सरासरी अकरा मिनिटे आधी, कुंदा नावाच्या सर्व्हरशी जोडणी झालेली असते. त्यांच्या यंत्राला तिचा पत्ता पाठ आहे. माझा दर वेळी शोधावा लागतो.’” वीरकरांनी चष्मा काढला. “बाई, ही कुंदा कोण?”

“सर्व्हर आहे. पुण्यातला. काचसामान विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचा.”

“संघाची परवानगी घेतली होती?”

“नाही.”

“केव्हापासून?”

“सप्टेंबर.” मग मी सांगितलं की धायरीत मला कुणी ओळखीचं नव्हतं, श्रीरंग साडेसहाला जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि माणिकचं काम लांबून करायला लागल्यापासून दिवसाला तासाभरात संपायचं. हे सगळं खरं होतं. वीरकरांनी ते लिहून घेतलं.

“तिचं कामही घरूनच करता?”

खोटं बोलता आलं असतं. पण नोंदी कुठे ना कुठे असतातच.

“नाही,” मी म्हणाले. “तिच्याकडे जाते. दर बुधवारी.”

वीरकरांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. प्रिंटर लगेच सुरू झाला, ते उठून गेले आणि एक कागद घेऊन आले. तो कोरा होता. त्यांनी उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. मग त्यांनी त्याला क्रमांक दिला, सही केली आणि फाइलला लावला.

मामा पहिल्यांदाच बोलले. “साहेब, आज ऱ्हाऊ द्या त्याला.”

निकाल दुपारी मिळाला. प्रशासकपद गोरड यांच्याकडेच राहील. यादी काढायची विद्या त्यांना नसल्यामुळे रणभिसे यांनी ती फोनवरून सांगावी व गोरड यांनी माणिकसमोर बसून करावी. रणभिसे यांनी बाहेरचं काम आठ दिवसांत सोडावं. तोवर त्यांची नोकरी नोटिशीवर. मी सही केली. जाताना माणिकच्या खोलीवरून जावं लागतं. दार उघडं होतं. मी आत गेले नाही, कारण पाहुण्यांना खोलीत जायची वेळ तीन ते चार होती आणि पावणेतीन झाले होते.

कुंदाचं काम मी दुसऱ्याच दिवशी सोडलं. तिला वाईट वाटेल म्हणून स्वतः जाऊन सांगितलं. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना तिने पहिल्या झटक्यात आत घेतलं.

त्यानंतर रोज सकाळी दहा वाजता मी धायरीच्या खिडकीत फोन घेऊन बसू लागले आणि मामा म्हसवडला माणिकपुढे. मामांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी एकेक आज्ञा अक्षराच्या आकारावरून सांगायची: काठी, मग वाटोळं, मग उलटा कोयता. पहिल्या दिवशी एका ओळीला चाळीस मिनिटं लागली आणि मामांनी कोयता सुलटा काढला.

“चुकलं, मामा. खोडा.”

“व्हय, पर त्येला समजलं. त्यानं केलं बी.”

“चुकीच्या आज्ञेवर त्याने काम कसं केलं?”

“त्येला म्हाईत हाय मला काय म्हणायचंय त्ये.”

बारा वर्षांत माझा एक स्वल्पविराम चुकला तरी माणिकने पूर्ण आज्ञा परत केली होती. मी मामांना पुढची ओळ सांगितली. मध्येच ते म्हणाले, “थांबा वाईच, बाई. हसतुया.”

“कोण?”

“माणिक.”

“माणिक हसत नाही, मामा.”

“हसतुया की. त्यो मधला बारका दिवा असा थरथरतो बगा, दोन डाव जोरात आन् मग हळूहळू. मी मघाशी त्येला सांगितलं, आमची एक पाटी, तरनी मेंढी म्हंजी, चपलीवर मुतली म्हून. तवापासनं हसतुया.”

त्या दिव्याचा अर्थ मला माहीत होता. पुस्तकात तो डिस्कच्या वाचनाचा दिवा आहे. तो तसा थरथरताना मी दोन-तीनदाच पाहिला होता आणि प्रत्येक वेळी डिस्क बदलायची तयारी केली होती.

“तुम्ही त्याच्याशी मेंढ्यांबद्दल बोलता?”

“त्योच इचारतो. फेब्रुवारीत पडद्यावर आलं, ‘मेंढी कशी असते?’ म्हून. म्या म्हनलं, आरं, तुझ्यात इतकी मेंढरं हायती आन् तुला ठावं न्हाई? तर न्हाई म्हनला. मंग सांगाय लागलो. वास कसा येतो, पावसात भिजली का कशी जड हुती, कोकरू हुबं ऱ्हाताना गुडघं कसं घुसळतं. माझी तीस हायती घरी. रोज एकीचं सांगतो.” मग त्यांनी विचारलं, “तुमी त्येला कदी सांगितलं न्हाई व्हय?”

मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मला मेंढीबद्दल काही माहीत नव्हतं. माझ्यासाठी मेंढी म्हणजे चौदा रकान्यांची एक ओळ होती.

त्या दिवसापासून मी फोन ठेवल्याचा आवाज करायचे आणि ठेवायचे नाही. मामांनाही फोन बंद करायचं लक्षात राहत नसे. दोघांचं बोलणं ऐकू यायचं. म्हणजे मामांचं ऐकू यायचं आणि माणिकचे पंखे. मामा सांगायचे, “आज ढवळीचा पाय सुजलाय,” आणि पंखा हळू व्हायचा. मी दहा दिवस ऐकलं. माझ्याबद्दल एकदाही विषय निघाला नाही. एकदा मामा म्हणाले, “बाईंचा आवाज बसल्यावानी वाटत हुता आज.” पंखा होता त्याच वेगाने फिरत राहिला.

एकतीस मेला यादी तयार झाली. मी ती मागवून माझ्या नियमांनी तपासली. वंशावळीत चूक नव्हती. पण काही जोड्या माझ्या सूत्राने आल्या असत्या त्याहून वेगळ्या होत्या. चढावर चरणाऱ्या कळपांना माणिकने आखूड पायांचे मेंढे दिले होते, ज्या कळपांत कोकरं थंडीने दगावली होती त्यांना दाट लोकरीचे. तशी माहिती कुठल्याच रकान्यात नव्हती.

“हे कुठून आलं?” मी मामांना विचारलं.

“आमचं बोलनं झालं हुतं,” मामा म्हणाले.

दोन जूनला मी वाटपाला गेले. जावंच लागेल असा नियम नव्हता. बाजारतळावर अठ्ठ्याऐंशी मेंढे बांधले होते आणि धनगर आपापला आकडा ऐकून दोरी सोडून नेत होते. आकडे मामा पुकारत होते. मी यादी काढायची त्या बारा वर्षांत दर वाटपाला तीन-चार जण तरी मेंढा परत आणून बांधत. या वर्षी कुणी आणला नाही. एका म्हाताऱ्याने आपल्या मेंढ्याची पाठ चाचपली, मामांकडे बघितलं आणि म्हणाला, “यंदा कुणीतरी मेंढरातलं मानूस बसलंय जनू यादीला.” मामांनी बोटाने मला दाखवलं. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि हसून तो मेंढा घेऊन गेला.

परतीची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून तीन वाजता मी माणिकच्या खोलीत गेले. मी स्टुलावर बसले. पडद्यावर आलं: ‘या. बसा.’ पाहुण्यांना तो तेच म्हणतो.

“यादी चांगली झाली,” मी म्हणाले.

‘आभारी आहे.’

“मी कुंदाचं काम सोडलं.”

पडदा बराच वेळ तसाच राहिला. मग आलं: ‘कळलं. ती कशी होती?’

“वेगाने ओ द्यायची,” मी म्हणाले. हे बोलायला नको होतं. पंख्याचा आवाज वाढला आणि चारच्या आत पाहुण्यांचं दार बंद झालं. पण दुसऱ्या दिवशी पुण्यातून परवानग्यांची यादी बघितली तेव्हा माझं नाव पोस्टमनच्या वर गेलेलं होतं. मी श्रीरंगला ते सांगितलं. त्याने अभिनंदन केलं आणि मग विचारलं, माझा आवाज गेले तीन आठवडे एवढा का बसलाय. त्याच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात आलं होतं.

सप्टेंबरात संघाची जाहिरात निघाली. सोपान गोरड नोव्हेंबरअखेर अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त होत होते आणि प्रशासकाची जागा भरायची होती. मी मामांना फोन केला.

“तुम्ही गेल्यावर त्याचं कसं होईल?” मी विचारलं. खरं तर मला दुसरं काही विचारायचं होतं.

“सांगितलंय त्येला. दोन दिस बोलला न्हाई. मंग म्हनला, येत जा. म्या म्हनलं, मेंढरं घिऊन वाठाराकडं जानार हाय, चार म्हयने न्हाई गावायचो.” मग मामाच म्हणाले, “बाई, तुमी करा अर्ज. तुमचं नाव म्या घितलं त्याच्यापाशी.”

“काय म्हणाला?”

“‘बघू’ म्हनला.”

जाहिरात मी तीनदा वाचली. शिक्षणाची अट नव्हती. निवड समितीत वीरकर आणि माणिक. अर्जाच्या नमुन्यात नाव, वय, मेंढ्यांविषयीची माहिती दहा ओळींत, आणि शेवटी एक रकाना: ‘राहत्या जागेपासून सर्व्हरपर्यंतचे अंतर, पावलांत.’

वीरकरांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की सत्तावीस अर्ज आले आहेत आणि त्यातले एकोणीस म्हसवडचे आहेत. नावं सांगायला त्यांना उपविधीची आडकाठी नव्हती. मी शनिवारी म्हसवडला गेले आणि एकेकाच्या उंबऱ्यापासून कार्यालयापर्यंत चालत पावलं मोजली. दोन दिवस लागले. सर्वांत जवळच्या अर्जदार कमल लुबाळ नावाच्या बाई आहेत. त्या ब्लाउज शिवतात, त्यांच्या बापाच्या शंभर मेंढ्या होत्या आणि त्या चौसष्ट पावलांवर राहतात. फार मनमिळाऊ आहेत असं मला चार जणांनी सांगितलं. मी त्यांच्या दुकानात शिरून एक ब्लाउज टाकला. त्यांनी माप घेता घेता मला पाणी दिलं, पुण्याला केव्हा निघणार विचारलं आणि बोलताना दोनदा हसल्या. त्यांच्याविरुद्ध लिहिण्यासारखं मला काही मिळालं नाही.

कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे लोकरीची पोती ठेवत. मी ती भाड्याने घेतली.

श्रीरंग सामान पोचवायला आला. वळकटी, स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि मी मामांकडून मागून आणलेली एक पाटी, म्हणजे अजून न व्यालेली तरणी मेंढी. टेम्पोत पाटी त्याच्या पायाशी बसली होती. “सोमवार ते गुरुवार?” त्याने विचारलं.

“निवड झाली तर शुक्रवारसुद्धा.”

त्याने मान हलवली. वळकटी पसरली, पाटीला खुंटीला बांधलं, तिच्यापुढे पाण्याचं घमेलं ठेवलं. मग तो दारात गेला, उंबऱ्यावर पाय जुळवून उभा राहिला आणि चालायला लागला. भिंतीच्या कडेने, व्हरांड्यातून, प्रिंटरवरून माणिकच्या खोलीपर्यंत. मी दारातून बघत होते. तिथे तो थोडा वेळ थांबला. आत बघत होता की नाही ते मला दिसलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या चपलांवर धूळ होती.

“किती मोजलीस तू?” त्याने विचारलं.

“बावीस.”

“एकवीस,” श्रीरंग म्हणाला. “माझी ढांग मोठी आहे.”

अर्जाच्या शेवटच्या रकान्यात मी एकवीस लिहिलं.